पाखरांच्या देशात जनावरं आली तेव्हा

दुसऱ्या एखाद्या ग्रहावर माणसांनी वसाहत केली, सोबत नेलेली जनावरं तिथे मोकळी सोडली, तर तिथल्या मूळच्या जीवांचं काय होईल? विज्ञानकथा वाचणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. त्याचं उत्तर शोधायला पृथ्वी सोडायची गरज नाही. न्यूझीलंडमध्ये हे सगळं गेल्या साडेसातशे वर्षांत घडून गेलंय आणि अजूनही घडतंय. जहाजातून कोणता प्राणी साधारण कधी उतरला, कोणी उतरवला आणि कशासाठी, हे तिथे बऱ्याच बाबतीत सांगता येतं. म्हणून देशी आणि बाहेरून आणलेले प्राणी हा गुंतागुंतीचा विषय समजून घ्यायचा तर न्यूझीलंडइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हा भूभाग सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन महाखंडापासून तुटला. आपला भारतही एकेकाळी त्याच महाखंडाचा भाग होता, पण भारत उत्तरेला आशियाला येऊन भिडला आणि न्यूझीलंड महासागरात एकटं पडलं. तिथल्या सेंट बाथन्स या ठिकाणच्या जुन्या थरांमध्ये उंदराएवढ्या एका सस्तन प्राण्याची हाडं मिळाली आहेत, पण तो वंश पुढे टिकला नाही. माणूस पोचला तेव्हा जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघळं होती. किनाऱ्यावर सील यायचे, तेवढेच. हरीण नाही, ससा नाही, मांजर नाही, कोल्हा नाही, साधा उंदीरसुद्धा नाही.

मग त्यांची कामं कोण करत होतं? बहुतेक पाखरंच. पाला ओरबाडून खाण्याचं काम मोआ करायचा. त्याच्या नऊ जाती होत्या आणि सर्वांत मोठ्या जातीच्या माद्या दोनशे किलोंच्या पुढे जायच्या. शहामृगाला निदान नावापुरते पंख असतात. मोआच्या सांगाड्यात पंखांचं एकही हाड सापडत नाही. रात्री जमिनीवर नाक खुपसत किडे शोधण्याचं काम किवी करायचा, अजूनही करतो. त्याच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात, पक्ष्यांमध्ये ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. उंदरांची जागा काही प्रमाणात वेटा नावाच्या नाकतोड्याच्या नातलगाने घेतली होती. त्यातल्या वेटापुंगा या सर्वांत थोराड जातीची अंड्यांनी भरलेली एक मादी ७१ ग्रॅम भरली होती, म्हणजे दोन-तीन चिमण्यांच्या वजनाचा एक किडा! आणि तिथलं आखूड शेपटीचं वटवाघूळ तर पंख घडी करून रानातल्या पाचोळ्यात चार पायांवर धावतं.

शिकारीही पाखरंच होती. हास्टचा गरुड हा आजवर माहीत असलेला सर्वांत मोठा गरुड. वजन पंधरा किलोंपर्यंत, आणि तो मोआवर झडप घालायचा. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गरुड, ससाणे, बहिरी हे सगळे डोळ्यांनी शिकार करतात. त्यांच्यापासून वाचायचं असेल तर अंग पाचोळ्याच्या रंगाचं असावं, चाहूल लागली की जागच्या जागी गोठून जावं आणि शक्यतो रात्री बाहेर पडावं. लाखो वर्षांत तिथल्या पाखरांनी हे तंत्र पक्कं बसवलं. अंगाचा वास लपवायची गरज मात्र त्यांना कधी पडलीच नाही. दाराला भक्कम कडी आणि मागची खिडकी सताड उघडी, अशी ती व्यवस्था होती. खिडकीतून येणारा चोर त्या देशात नव्हता, तोवर काही बिघडलं नाही.

आता शब्द स्पष्ट करून घेऊ, कारण इथेच पुष्कळांचा घोळ होतो. जो प्राणी माणसाच्या मदतीशिवाय एखाद्या ठिकाणी आला किंवा तिथेच घडला, तो तिथला देशी. त्यातही जो जगात दुसरीकडे कुठेच रानात आढळत नाही, तो प्रदेशनिष्ठ. ज्याला माणसाने मुद्दाम किंवा नकळत आणलं, तो आणलेला. आणि आणलेल्यांपैकी जो पसरत जाऊन मूळच्या जीवांचं किंवा माणसाचं मोठं नुकसान करतो, तो आक्रमक. सगळेच आणलेले प्राणी आक्रमक नसतात. किती वर्षं राहिलं की प्राणी देशी होतो, या प्रश्नाला इथे जागाच नाही, कारण कसोटी वर्षांची नसून माणसाच्या हाताची आहे. आपल्याकडे बागेत दिसणारा चष्मेवाला पक्षी आठवा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला. त्याचा एक भाऊबंद ऑस्ट्रेलियातून समुद्र ओलांडून १८५० च्या दशकात थव्यांनी न्यूझीलंडला आला आणि स्थायिक झाला. स्वतःच्या पंखांनी आला म्हणून तो देशी. त्याच सुमारास जहाजातल्या पिंजऱ्यातून आलेली चिमणी आणलेली. दोघेही दीडशेहून अधिक वर्षं तिथे नांदताहेत, तरी वर्गवारी वेगळी.

पहिली माणसं म्हणजे तिथल्या मूळनिवासी माओरींचे पूर्वज. ते पॉलिनेशियातून होड्यांनी साधारण १२५० ते १३०० च्या दरम्यान आले. सोबत दोन सस्तन प्राणी होते: कुरी नावाचा कुत्रा आणि किओरे नावाचा लहानसा उंदीर. दीडशे वर्षांच्या आत मोआ संपला. मुख्य कारण शिकार. दहा-बारा किंवा त्याहून जास्त वर्षांनी एक पिढी, वर्षाला एखाद-दुसरं अंडं, अशा सावकाश वाढणाऱ्या पाखराला माणसासारखा शिकारी झेपणारच नव्हता. मोआ गेला आणि त्याच्यावर जगणारा गरुडही गेला. किओरेने लहान पाखरं, सरडे, मोठे किडे आणि टुआटारा नावाच्या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी-पिल्लं खाल्ली. टुआटारा पुढे मुख्य बेटांवरून नाहीसा झाला आणि आजूबाजूच्या लहान बेटांपुरता उरला.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय. गोऱ्यांनी येऊन स्वर्ग नासवला, अशी गोष्ट सांगायचा मोह अनेकांना होतो. नुकसान दोन लाटांत झालं, आणि पहिली लाट आणणाऱ्या माणसांनी पुढे त्याच भूमीत राहायचे नियमही घडवले. कोणत्या काळात कोणत्या रानात, कोणत्या किनाऱ्यावर शिकार करायची नाही, याचे माओरी समाजाचे निर्बंध आजही पाळले जातात.

दुसरी लाट मात्र आकाराने कितीतरी मोठी होती. इंग्लिश दर्यावर्दी कॅप्टन कुक १७६९ साली आला, आणि त्याच्या पुढच्या सफरीत डुकरं आणि बकऱ्या किनाऱ्यावर सोडल्या गेल्या. देवमासे आणि सील मारणाऱ्या जहाजांतून मोठे उंदीर उतरले. मग ब्रिटिश वसाहतवाले आले आणि १८६० च्या दशकापासून गावोगावी प्राणी रुजवणाऱ्या संस्था निघाल्या. नवी भूमी त्यांना ओकीओकी वाटत होती. शिकारीला हरीण नाही, ओढ्यात ट्राउट मासा नाही, सकाळी ओळखीचा पक्षी गात नाही. ही सगळी उणीव त्यांनी बोटी भरभरून भरून काढली. लाल हरणं, ससे, ट्राउट, काळे हंस, साळू म्हणावा असा काटेरी हेजहॉग, चिमण्या. चिमण्या किडी खातील म्हणून आणल्या आणि त्या धान्यावर तुटून पडल्या. आपली साळुंकी १८७० च्या दशकात तिथे पोचली आणि आता उत्तर बेटाच्या वरच्या भागात गावोगाव दिसते. हिमालयातला ताहर हा रानबोकड तर एका इंग्लिश ड्यूकने भेट म्हणून पाठवला. १९०४ साली तो तिथल्या दक्षिण आल्प्समध्ये सोडला. हिमालयात आज त्याची संख्या घटत चाललीय म्हणून चिंता आहे, आणि न्यूझीलंडमध्ये तो डोंगरमाथ्यावरची दुर्मीळ झुडपं खाऊन संपवतो म्हणून हेलिकॉप्टरमधून त्याला टिपतात. प्राणी तोच.

पोसमचंही तसंच. झुपकेदार शेपटीचा हा निशाचर ऑस्ट्रेलियात देशी आहे, तिथला कायदा त्याला संरक्षण देतो. लोकरीसारख्या मऊ कातड्याचा धंदा करावा म्हणून १८३७ पासून तो न्यूझीलंडमध्ये आणला. ऑस्ट्रेलियात त्याला डिंगो नावाचे रानकुत्रे आणि इतर शिकारी होते, वणवे होते, आणि तिथली निलगिरीची पानं विषारी तेलांनी भरलेली असल्यामुळे पोटभर खाणंही सोपं नव्हतं. इथे ना शिकारी, ना कडू पानं. १९८० च्या दशकात त्यांची संख्या सहा-सात कोटींवर गेली असावी असा अंदाज होता. तो रानं सोलून काढतो एवढंच आधी लोकांना वाटायचं. मग १९९० च्या दशकात घरट्यांपाशी कॅमेरे लावले गेले, आणि पाला खाणारा म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी अंडी फोडताना आणि पिल्लं खाताना दिसला. गायीगुरांना होणारा क्षयरोगही तो पसरवतो, त्यामुळे शेतकऱ्यांच्याही तो डोळ्यांवर आला.

सशांनी तर मेंढपाळांच्या नाकी नऊ आणले. १८७० च्या दशकात दक्षिणेकडची कुरणं इतकी उजाड झाली की काहींनी जमिनी सोडून दिल्या. त्यावर उपाय म्हणून १८८० च्या दशकात स्टोट, वीझल आणि फेरेट हे मुंगसासारखे लांबोडके शिकारी आणून सोडायचं ठरलं. ससे खातील, प्रश्न मिटेल. हे प्राणी सशांपुरते थांबणार नाहीत, असा इशारा पक्ष्यांच्या अभ्यासकांनी त्याच वेळी दिला होता. कोणी ऐकलं नाही. जगात इतरत्रही हाच प्रकार झालाय. १८७२ साली भारतातलं मुंगूस उसाच्या मळ्यातल्या उंदरांसाठी जमैकाला नेलं आणि तिथून पुढे हवाईला. मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. त्यात मुंगसाने पाखरांची अंडी साफ केली.

स्टोटकडे जरा जवळून पाहू. अंगाने सडपातळ, वजन साधारण तीनशे ग्रॅम, झाडावर चढतो, बिळात शिरतो, एक किलोमीटरहून जास्त समुद्र पोहून जातो. पण त्याचं खरं बळ त्याच्या प्रजननात आहे. नर घरट्यात येऊन आईशी तर जुगतोच, शिवाय डोळेही न उघडलेल्या मादी पिल्लांशीही जुगतो. फलित अंडी त्या पिल्लाच्या पोटात महिनोन्‌महिने न वाढता थांबून राहतात आणि पुढच्या वसंतात वाढायला लागतात. याचा अर्थ असा की घरटं सोडून निघालेली जवळजवळ प्रत्येक तरुण मादी आधीच गाभण असते. बेटावर अशी एक मादी पोहत पोचली की वसाहतीसाठी नराची वाट पाहावी लागत नाही. एका वेतात दहा-बारा पिल्लंही होऊ शकतात.

आणि हा शिकारी वासावर चालतो. उघडी खिडकी त्याला सापडली.

काकापो हा जगातला एकमेव न उडणारा पोपट. शेवाळी हिरवा, चार किलोंपर्यंत भरणारा, निशाचर. चाहूल लागली की तो पळत नाही, गोठतो. गरुडाच्या डोळ्याला तो शेवाळाच्या ढिगासारखा दिसायचा आणि वाचायचा. पण त्याच्या अंगाला मधासारखा, जुन्या लाकडासारखा तीव्र सुगंध येतो. स्टोटला किंवा मांजराला तो वास दुरून मिळतो, आणि पुढ्यात भक्ष्य स्तब्ध बसलेलं असतं. त्यात घरटं जमिनीवर. पिल्लं एकटी आईच वाढवते, नर फिरकत नाही. तिला चाऱ्यासाठी रात्री घरट्याबाहेर जावंच लागतं, तेव्हा अंडी-पिल्लं उघडी पडतात. शिवाय काकापो दरवर्षी वीणच करत नाहीत. रिमू नावाच्या झाडांना भरपूर फळं धरतात त्याच वर्षी, म्हणजे दोन ते चार वर्षांनी एकदा. ज्या जगात त्यांचे शत्रू मोजके होते तिथे ही सावकाश चाल पुरेशी होती.

हे सगळं १८९० च्या दशकातच एका माणसाच्या ध्यानात आलं होतं. रिचर्ड हेन्री हा रानात वाढलेला, औपचारिक शिक्षण फारसं नसलेला निरीक्षक. १८९४ मध्ये सरकारने त्याला नैऋत्येकडच्या रेझोल्यूशन बेटाचा रखवालदार नेमलं. मुख्य भूमीवर स्टोट पसरत चालले होते, तेव्हा पाखरंच बेटावर नेऊन सोडावीत असा त्याचा विचार. कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधून तो काकापो आणि किवी हुडकायचा, पकडायचा, होडीत घालून बेटावर न्यायचा. पावसाने झोडपणाऱ्या त्या किनाऱ्यावर जवळजवळ एकट्याने त्याने शेकडो पक्षी हलवले. १९०० साली बेटावर स्टोट दिसला. पोहत आला होता. सहा वर्षांचं काम वाया गेलं. हेन्रीचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याची कल्पना अगदी बरोबर होती. चुकलं ते फक्त बेटाचं अंतर. आज न्यूझीलंड जे करतं ते त्याचंच काम आहे, फक्त आणखी दूरच्या बेटांवर.

उंदरांविषयी मात्र जाणकारांचंही मत बरीच वर्षं डळमळीत होतं. उंदराने एखादी जात संपूर्ण संपवली असं होऊ शकतं का, याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये शंका होती. १९६४ मध्ये ती फिटली. दक्षिण टोकाजवळच्या टाउकीहेपा, म्हणजे बिग साउथ केप बेटावर, माओरी कुटुंबं दरवर्षी टिटी नावाच्या समुद्रपक्ष्यांची पिल्लं धरायला जातात. त्या वर्षी त्यांना झोपड्यांत उंदरांचा सुळसुळाट दिसला. उंदीर होड्यांतूनच पोचले असणार. वन्यजीव खात्याची माणसं, त्यांच्यात पुढे पक्षी वाचवण्यासाठी नावाजलेला तरुण डॉन मर्टनही होता, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धावत गेली. दक्षिणेकडचे टिएके, म्हणजे पाठीवर तांबूस खोगीर असलेले पक्षी, त्या एकाच बेटावर उरले होते. त्यांतले ३६ धरून शेजारच्या दोन उंदीर नसलेल्या बेटांवर सोडले. आज दक्षिणेतला प्रत्येक टिएके या ३६ पक्ष्यांच्या वंशातला आहे. झुडपी रेन हा छोटा पक्षी आणि तिथला पाणलावा यांनाही पकडून पाहिलं. पाणलावे पिंजऱ्यात मेले, रेनची नवीन वसाहत तग धरू शकली नाही. तिथल्या मोठ्या आखूडशेपटी वटवाघळाचा १९६७ नंतर पत्ता नाही. एका बेटावर, थोड्या वर्षांत, तीन जाती गेल्या. त्यानंतर कोणी शंका काढली नाही.

इथे एका प्रसिद्ध कहाणीचा खुलासा करायला हवा. स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झालं. तिथे न उडणारा एक छोटा रेन पक्षी होता आणि दीपगृहवाल्याच्या एकट्या मांजरीने तो आख्खा संपवला, असं जगभर सांगितलं जातं. कागदपत्रं तपासणाऱ्यांना दिसलं की बेटावर एकाहून अधिक रानटी झालेली मांजरं होती आणि काही पक्षी संग्राहकांनीही विकत घेतले. एक मांजर खलनायक ठरवणं सोपं, पण त्यामुळे मूळ मुद्दा निसटतो. वीण होऊन वाढणारी प्राण्यांची संख्या हा खरा धोका असतो.

आणखी एक साखळी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात कोणीही नवीन प्राणी सोडत नाही आणि तरी आपत्ती येते. दक्षिण बेटावर बीच नावाच्या वृक्षांची अफाट रानं आहेत. एका उन्हाळ्यापेक्षा दुसरा उन्हाळा बराच उबदार गेला की पुढच्या वर्षी ही सगळी रानं एकाच वेळी बियांनी लगडतात. शरद ऋतूत बियांचा सडा पडतो. लहान उंदीर आणि मोठे उंदीर हिवाळ्यातही विण्याचं थांबवत नाहीत, त्यांची संख्या हां हां म्हणता फुगते. उंदरांवर स्टोट पोसले जातात, तेही वाढतात. मग वसंतात उरलेल्या बिया रुजतात आणि उंदरांचं अन्न एकाएकी संपतं. भुकेले उंदीर घरट्यांकडे वळतात. उंदीर कमी झाले की भुकेले स्टोटही पाखरांकडे वळतात, नेमके वीण सुरू असताना. पूर्वी हीच बीजवर्षं देशी पोपटांसाठी सुगीची असत. बियाही त्याच, रानही तेच. मधल्या दोन प्राण्यांमुळे सुगीचं वर्ष कत्तलीचं झालं. हवा तापत चालल्याने अशी वर्षं वाढतील का, याची चिंता तिथल्या संवर्धकांना आहे.

एवढं वाचून बाहेरून आलेला प्राणी म्हणजे वाईट, असं कोणी म्हणेल तर तेही बरोबर नाही. १८८५ मध्ये लाल क्लोव्हरच्या चाऱ्याचं परागीकरण व्हावं म्हणून इंग्लंडहून भुंगेमाश्या आणल्या. त्यातली आखूड केसांची एक जात पुढे इंग्लंडमधून संपली आणि न्यूझीलंडमध्ये जगून राहिली. कावाउ बेटावर गव्हर्नर जॉर्ज ग्रे याने ऑस्ट्रेलियातून पार्मा नावाची लहान वॉलबी, म्हणजे कांगारूची छोटी भाऊबंद, आणून सोडली होती. ऑस्ट्रेलियात ती नामशेष झाली असं सगळे धरून चालले होते. १९६५ मध्ये ती कावाउवर जिवंत सापडली आणि नंतर ऑस्ट्रेलियातही तिचे काही कळप रानात आढळले. ज्या बेटावर ती झाडांची नासधूस करत होती त्याच बेटाने तिचा वंश जपला होता. दुसऱ्या टोकाला कुत्रा. तो कोणाला आक्रमक वाटत नाही, घरचाच वाटतो. किवीला उडण्याचे स्नायू आणि छातीचा कणखर उंचवटा नसतो, त्यामुळे कुत्र्याने नुसतं तोंडात धरलं तरी बरगड्या मोडतात. १९८७ साली वाइटांगीच्या रानात मोकाट फिरणाऱ्या एका कुत्र्याने काही आठवड्यांत तिथल्या सुमारे नऊशेपैकी पाचशे किवी मारले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

किओरे उंदराचा प्रश्न तर अजून नाजूक. संवर्धकांसाठी तो आणलेला प्राणी. काही माओरी जमातींसाठी तो पूर्वजांसोबत होडीतून आलेला सोबती, त्यांच्या इतिहासाचा भाग. हाउटुरू बेटावरून २००४ मध्ये तो काढला तेव्हा न्गातीवाई जमातीने हरकत घेतली होती. मला वाटतं, अशा हरकतीला अडाणीपणा म्हणणारा माणूस विषय समजलेला नसतो. ठिकाणाला कोण काय अर्थ देतं, हाही भाग तपासून निर्णय घ्यावा लागतो. म्हणूनच काही लहान बेटं किओरेसाठी राखून ठेवली आहेत.

उपाय काय केले? सुरुवात बेटांपासून झाली. २००१ च्या हिवाळ्यात कॅम्बेल बेटावर, ११,३०० हेक्टरांवर, हेलिकॉप्टरमधून सुमारे १२० टन विषारी आमिष पेरलं. दोन वर्षांनी बेट उंदीरमुक्त असल्याचं जाहीर झालं आणि तिथलं न उडणारं बदक परत आणून सोडता आलं. मुख्य भूमीवर कुंपणं उभी राहिली. वेलिंग्टन शहराच्या मधोमध झीलँडिया नावाच्या २२५ हेक्टरांच्या खोऱ्याभोवती १९९९ मध्ये साडेआठ किलोमीटरांहून लांब कुंपण पूर्ण झालं. जाळी इतकी बारीक की स्टोटचं पिल्लू शिरत नाही, वर बाहेरच्या अंगाला वाकलेली गुळगुळीत पत्र्याची पट्टी, म्हणजे चढून आलेलं मांजर घसरतं, आणि खाली जमिनीत आडवी पसरलेली जाळी, म्हणजे खणणाऱ्याला वाट नाही. लहान उंदीर मात्र आत उरलेत, त्यांचा पूर्ण बंदोबस्त जमलेला नाही. तरीही त्या कुंपणातून बाहेर पडलेले काका पोपट आता वेलिंग्टनच्या अंगणांत येऊन बसतात.

सगळ्यात जास्त वाद १०८० या विषावर आहे. सोडियम फ्लुओरोॲसिटेट हे त्याचं रासायनिक नाव. असाच पदार्थ काही झाडं प्राण्यांपासून बचावासाठी बनवतात. पाण्यात आणि मातीत तो जंतूंच्या क्रियेने विघटित होतो. सस्तन प्राण्यांवर त्याचा परिणाम फार तीव्र असतो, आणि जिथे देशी सस्तन प्राणी म्हणून केवळ वटवाघळं आहेत तिथे हे विष हेलिकॉप्टरमधून रानावर टाकणं शक्य होतं. भारतात असं काही सुचवणंही वेडेपणा ठरेल, आपल्या रानात वाघापासून खारीपर्यंत सगळे सस्तन प्राणीच आहेत. विरोधकांचं म्हणणं पूर्ण बिनबुडाचं नाही. कुत्री मरतात, हरणं मरतात, काही केआ पोपटही मरतात. प्राण्यांना यातना होतात. स्टोटने देशाला वाटेल तसं छळायचं ठरवलं नव्हतं, माणसाने त्याला आणलं आणि माणूसच त्याला मारतो. मला हे पटतं की न मारल्यास काकापो आणि मोहुआ नावाचे पिवळ्या डोक्याचे छोटे पक्षी नक्की मरतील, आणि मारणं हा दोन्हींतला कमी वाईट मार्ग आहे. पण तो करताना जीव घेतोय हे विसरू नये आणि विषाची मात्रा, सापळ्याची रचना सतत सुधारत राहावी.

हे काम किती अवघड आहे याची कल्पना एका उंदरावरून येते. २००४ मध्ये ऑकलंडच्या शास्त्रज्ञांनी मोटुहोरोपापा या उंदीर नसलेल्या छोट्या बेटावर एक तपकिरी नर उंदीर गळ्यात रेडिओ अडकवून मुद्दाम सोडला. एकटा उंदीर पकडायला किती कष्ट पडतात हे पाहायचं होतं. सापळे, आमिषं, माग काढणारे कुत्रे, सगळं झालं. काही आठवड्यांनी तो चारशे मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला. विष्ठेतल्या डीएनएवरून तोच असल्याची खात्री पटली. अठरा आठवड्यांनी तो पेंग्विनच्या मांसाच्या आमिषाला फसला. एका बेटावर हजार उंदीर असताना ते मारणं सोपं असतं, सगळी झुंज शेवटच्या एकट्याशी असते, हे त्यामुळे कळलं.

काकापोंची संख्या १९९५ मध्ये ५१ वर आली होती. प्रत्येक पक्ष्याला नाव आहे, प्रत्येकाच्या पाठीवर रेडिओ आहे. २०२२ मध्ये ती अडीचशेच्या घरात पोचली. सगळे शिकारीमुक्त बेटांवर आणि काही कुंपणांत. २०१६ मध्ये न्यूझीलंड सरकारने २०५० पर्यंत उंदीर, पोसम आणि स्टोट, वीझल, फेरेट हे सगळे देशातून काढून टाकण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. मोठा डाव आहे, जमेल की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही. वेलिंग्टनच्या डोंगरांत २०२२ पासून पुन्हा किवी सोडले जाताहेत, आणि त्यासाठी हजारो सापळे सांभाळणारे बहुतेक लोक सामान्य नागरिक आहेत. रविवारी सकाळी मुलांना घेऊन सापळ्यातले मेलेले उंदीर काढून पुन्हा आमिष लावणं, हे तिथल्या अनेक घरांचं आठवड्याचं काम झालंय.

एकदा शिरलेला प्राणी काढायला एवढा पैसा आणि कष्ट लागतात, म्हणून तो देश सीमेवर कमालीचा कडक आहे. ऑकलंडला मुलांकडे जाणाऱ्या आपल्या लोकांना याचा अनुभव विमानतळावरच येतो. मध, बिया, ताजी फळं, मांस, चिखल लागलेले ट्रेकिंगचे बूट, तंबू, सगळं अर्जात लिहावं लागतं. लिहिलं तर अधिकारी तपासतात, गरज असेल ते धुवून देतात किंवा काढून घेतात, दंड होत नाही. लिहिलं नाही आणि पिशवीत एखादं सफरचंद निघालं तरी ४०० न्यूझीलंड डॉलर तिथल्या तिथे भरावे लागतात. भरताना राग येतो, हे खरं. पण आईने डब्यात भरून दिलेल्या एखाद्या वस्तूविषयी जरासाही संशय असेल, तर अर्जात लिहून टाकावं, पुढचं ते ठरवतात.